वकिली आणि नगरसेवकपद एकाच माणसाला झेपतं का?

प्रश्न इंदूरच्याच, रामबागेतल्या एका मुलाचा आहे. एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तो विचारतो: "वडील म्हणतात पुण्या-मुंबईला जा, इथल्या कोर्टात काय ठेवलंय. मला इथंच वकिली करायची आहे आणि पुढे वॉर्डातून निवडणूकही लढवायची आहे. कायद्याने चालतं का? पोट भरतं का? आणि दोन्ही एकदम जमतं का?"

मी १९८७ साली वकिलीची सनद घेतली. तेव्हापासून इंदूरच्या जिल्हा न्यायालयात उभी राहते, कामापुरती उच्च न्यायालयाच्या खंडपीठातही जाते. मधली पाच वर्षं नगरसेविका होते. दुसऱ्यांदा उभी राहिले आणि पडले. तेव्हा तुझ्या तिन्ही प्रश्नांतून मी स्वतः गेले आहे, त्या हक्काने लिहिते. तुझ्याएवढा माझा भाचा आहे, म्हणून तुला 'तू' म्हणते.

कायद्याचं आधी, कारण ते सोपं आहे. चालतं. वकिलाने पूर्णवेळ पगारी नोकरी करायची नाही असा बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम आहे, पण लोकप्रतिनिधी कोणाचा नोकर नसतो. खासदार-आमदारांना वकिलीची मनाई करावी अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली होती. ती सप्टेंबर २०१८ मध्ये याच कारणाने फेटाळली गेली. नगरसेवकाला मिळतं ते मानधन. मात्र उमेदवारी अर्ज भरण्याआधी आपल्या १९५६ च्या महापालिका अधिनियमातली अपात्रतेची कलमं स्वतः बसून वाच. पालिकेच्या कंत्राटात हितसंबंध असला की गाडी तिथंच अडते. दुसऱ्याला सल्ला देणारे वकील स्वतःचा अर्ज भरताना ही कलमं वाचत नाहीत, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

पोटाचं सांगते. सनदेची फी आता आवाक्यात आली आहे. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अधिवक्ता अधिनियमात लिहिली आहे त्याहून जास्त रक्कम राज्य बार कौन्सिलांना घेता येणार नाही, म्हणजे सर्वसाधारण उमेदवाराला ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५. त्याच वर्षी ऑक्टोबरात बार कौन्सिल ऑफ इंडियाने परिपत्रक काढून ज्युनियरला शहरात महिना किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत अशी शिफारस केली. शिफारसच आहे, सक्ती नाही. मला पहिली दोन वर्षं महिन्याचे तीनशे रुपये आणि सीनियरांच्या घरचं दुपारचं जेवण मिळायचं. घरी वडिलांचा पगार होता म्हणून टिकले. तुझ्या घरी तीन वर्षं कळ काढता येईल का, हे वडिलांपाशी बसून मोकळेपणाने बोलून घे. त्यांचा विरोध बहुधा वकिलीला नसून या तीन वर्षांना असतो.

तीन वर्षांनंतर पोट भरतं. चेक बाउन्सचे खटले, मोटार अपघाताचे दावे, कुटुंब न्यायालय, भाडेकरूंचे वाद, तहसिलीतली नामांतरणं (जमिनीच्या नोंदीतले नावबदल), गृहनिर्माण संस्थांतले प्लॉट. इंदूर चहूबाजूंनी वाढतंय, आणि शहर वाढतं तिथं जमिनीचे तंटे वाढतातच. या कामांना झगमगाट नाही. चेक बाउन्सच्या कलम १३८ च्या नोटिशीची तीस दिवसांची मुदत, मग रक्कम द्यायला पंधरा दिवस, मग तक्रारीला एक महिना, एवढं बोटांवर ठेवणारा वकील उपाशी राहत नाही.

आणि एक गोष्ट तुझ्यापाशी आयती आहे. आपल्याकडच्या जुन्या मराठी घरांच्या ट्रंकांमध्ये होळकरशाहीच्या काळातले कागद आहेत: वाटणीपत्रं, गहाणखतं, दानपत्रं. पुष्कळसे मोडीत. कोर्टाचं काम हिंदीत चालतं, त्यामुळे असा कागद पुढं आला की दोन्ही बाजूंचे वकील मोडी वाचणारा माणूस शोधायला लागतात. तीस वर्षांहून जुना दस्त योग्य ताब्यातून आला तर त्यावरची सही खरी धरून चालण्याची कायद्यात सोय आहे, पण आत लिहिलंय काय हे तर वाचता आलं पाहिजे! आपल्या होळकरांच्या खासगीचंच बघ. अहिल्याबाईंच्या धर्मादाय मालमत्तांचा वाद इंदूर खंडपीठातून थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २०२२ मध्ये निकाल लागला. अडीचशेच्या आसपास मालमत्ता, कुठे घाट, कुठे मंदिर, कुठे धर्मशाळा. असले वाद समजायचे तर दौलत (राज्याची मिळकत) आणि खासगी (घराण्याची स्वतःची मिळकत) हा भेद काय होता तो कळायला हवा, आणि तो मराठी घरात वाढलेल्याला लवकर कळतो. सहा महिने काढ आणि मोडी शीक.

आता तिसरा प्रश्न. दोन्ही एकदम जमतं का? सुरुवातीची दहा वर्षं नाही. पुढे जमतं, पण त्याची किंमत कोणीतरी मोजतं, आणि ते कोण हे तुला आधी माहीत हवं. यावर मला सविस्तर लिहायचं आहे.

सनद मिळून आठ-नऊ महिने झाले असतील. जुनी इंदूरमधल्या एका घराच्या दाव्यात न्यायाधीशांनी मला कमिशनर नेमलं. दिवाणी प्रक्रिया संहितेत ऑर्डर २६, नियम ९ आहे. त्याखाली नेमलेल्या माणसाने जागेवर जाऊन पाहायचं, मोजायचं, नकाशा काढून अहवाल द्यायचा. फी थोडी, वणवण जास्त, म्हणून हे काम नव्या वकिलाकडे येतं. दोन सख्खे भाऊ, मध्ये एक भिंत. थोरल्याचं म्हणणं, धाकट्याने भिंत पाडून पुन्हा बांधताना त्याच्या बाजूला सरकवली. मुनशीजींकडून, म्हणजे वकिलांच्या कारकुनाकडून, कापडी टेप मागून नेली होती. टेपेचं एक टोक मी थोरल्याच्या हातात दिलं, दुसरं धाकट्याच्या. चार वर्षं अबोला होता. थोरला भिंतीकडे बघतच म्हणाला, "ताणून धर." धाकटा म्हणाला, "दादा, तुमच्याकडूनच सैल आहे." मग दोघांनी ताणून धरली आणि मी खाली वाकून आकडे लिहीत राहिले. जुन्या पायाचे दगड जमिनीलगत अजून दिसत होते. अंगणाकडच्या टोकाला भिंत पायावर बरोबर उभी होती, मागच्या टोकाला साडेचार इंच आत गेली होती. दोन्ही घरांतून चहा आला. अहवाल दाखल होईपर्यंत त्या वाड्यातलं पाणीसुद्धा घ्यायचं नाही, असं सीनियरांनी बजावून पाठवलं होतं. दोन्ही वहिनींना मी हात जोडले.

अहवालात मी 'भिंत सरकवली आहे' असं लिहिलं नाही. 'भिंत तिरपी आहे, एका टोकाला शून्य, दुसऱ्या टोकाला साडेचार इंच' असं लिहिलं आणि नकाशा जोडला. गवंड्याची दोरी चुकली होती की कोणाची नियत, ते ठरवणं माझं काम नव्हतं. भाऊ तो नकाशा बघून पुढच्या दोन तारखांत तडजोडीला आले. त्यांचं घर माझ्या मावशीच्या घरापासून तिसरं. पुढे किती वर्षं गणपतीच्या आरतीला मला ते दोघेही भेटत राहिले, आणि निवडणुकीला उभी राहिले तेव्हा दोघांच्याही ओट्यावर माझी सभा झाली.

मुंबईत निकाल लागला की प्रतिपक्ष गर्दीत नाहीसा होतो. इथं तो सराफ्यातल्या खाऊगल्लीत शेजारी उभा राहून भुट्ट्याचा कीस खातो. त्याच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका तुझ्या घरी येते. ज्याची तू उलटतपासणी घेतलीस तो दहा वर्षांनी तुझाच पक्षकार होतो, किंवा तुझा मतदार. म्हणून या गावात वकिलाची जीभ कशी आहे, तो कागदाबाहेरचं किती बोलतो, समोरच्या बाईला कोर्टात रडवतो का, हे सगळं गावाला ठाऊक असतं. पुढारीपण त्यातूनच येतं किंवा येत नाही. होर्डिंगवर चेहरा लावून ते आलेलं मी तरी पाहिलं नाही.

त्यातही, पद नसताना वकील शहरासाठी किती करू शकतो याचा तू अंदाजच घेतलेला नाहीस असं तुझ्या प्रश्नावरून वाटतं. रतलामचा निकाल तुम्हाला शिकवला असेल. पण तो घटनात्मक कायद्याच्या तासाला शिकवतात, म्हणून त्यातलं मुख्य राहून जातं. रतलाम आपल्यापासून तीन तासांवर. तिथल्या न्यू रोडवरच्या, वॉर्ड क्रमांक १२ मधल्या रहिवाशांना उघड्या गटारांनी, मद्यार्काच्या कारखान्यातून येणाऱ्या घाण पाण्याने आणि शौचालयांअभावी रस्त्यावरच होणाऱ्या घाणीने जगणं नकोसं झालं होतं. ते उच्च न्यायालयात गेले नाहीत. ते गेले आपल्या एसडीएमकडे, म्हणजे उपविभागीय दंडाधिकाऱ्याकडे, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ खाली, सार्वजनिक उपद्रवाची तक्रार घेऊन. एसडीएमने नगरपालिकेला सहा महिन्यांत योजना आखायचा हुकूम दिला. नगरपालिकेचं म्हणणं, पैसे नाहीत, शिवाय लोक आपण होऊन, सगळं बघून तिथं राहायला आले. सत्र न्यायालयाने हुकूम रद्द केला, उच्च न्यायालयाने तो पुन्हा उभा केला, आणि २९ जुलै १९८० रोजी न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या पीठाने नगरपालिकेचं काही चालू दिलं नाही. पैसे नाहीत या सबबीने कायद्याने घातलेलं कर्तव्य टळत नाही, हे त्या दिवशी साऱ्या देशाला लागू झालं.

आपल्या माळव्यातल्या एका वॉर्डाने, तहसिलीच्या आवारातल्या एका साध्या अर्जापासून हे घडवलं. त्या अर्जाचा मसुदा कोणीतरी स्थानिक वकिलाने केला असणार. मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटतो. ते कलम आता जुन्या संहितेच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेत १५२ झालं आहे, १ जुलै २०२४ पासून. हत्यार तेच आहे. त्याच्या जोडीला माहितीचा अधिकार आहे, आणि स्थायी लोकअदालत आहे. पाणी, वीज, सफाई, दवाखाना अशा सेवांची तक्रार तिथं कोर्ट फी न भरता लावता येते. समोरच्याला बोलावून समेटाचा प्रयत्न होतो, नाही जमला तर निवाडाही होतो. वकिलांनाच या दाराची नीट ओळख नाही, हे मला दरवेळी खटकतं. पहिल्या दहा वर्षांत वर्षाला असं एक काम विनाफी घे. एकच घे, पण शेवटपर्यंत ने.

माझं निवडणुकीचं असं झालं. चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती जून १९९३ पासून लागू झाली आणि त्यानंतरच्या पहिल्या पालिका निवडणुकीत एक तृतीयांश जागा बायकांसाठी राखीव आल्या. आमचा वॉर्ड त्यात होता. गल्लीतले चार जण घरी आले आणि म्हणाले, वकीलबाई, कोणाच्या तरी बायकोला उभं करण्यापेक्षा तुम्हीच उभ्या राहा. वकिलीला सात-आठ वर्षं झाली होती. दहा वर्षं थांब असं तुला सांगते आहे, पण मी स्वतः थांबले नव्हते.

निवडून आल्यावर पहिला महिना काय करावं समजेना. सकाळी सातला माणसं दारात. कोणाला रहिवासाचा दाखला, कोणाला निराधार पेन्शनच्या अर्जावर सही, कोणाच्या गल्लीतला दिवा गेलेला. आज दिव्यासाठी ३११ ॲप आहे, १८१ ची हेल्पलाइन आहे, तेव्हा नगरसेविकेचा ओटा होता. आणि पाणी! नर्मदेचं पाणी जलूदहून सत्तरेक किलोमीटरवरून, डोंगर चढवून आपल्याकडे येतं. ते यावं म्हणून १९७० मध्ये इंदूरकर रस्त्यावर उतरले होते आणि १९७८ मध्ये ते आलं. पण वॉर्डाच्या शेवटच्या नळापर्यंत दाब पोचतो का, हे बघायला पहाटे साडेपाचला त्या नळापाशी जाऊनच उभं राहावं लागतं. माझ्या पाच वर्षांतल्या सगळ्यात जास्त पहाटा तिथं गेल्या.

वकील असण्याचा उपयोग कुठे झाला ते सांगते. एका गल्लीत ड्रेनेजची लाइन पडली. बिल निघायच्या आधी उपयंत्री, म्हणजे पालिकेचा कनिष्ठ अभियंता, माझ्याकडे आला. तरुण मुलगा होता. म्हणाला, "बाईजी, लाइन वरवर टाकली आहे असा मला संशय आहे. ठेकेदार म्हणतो ठरल्या खोलीवर आहे. वॉर्डातून लेखी मागणी आली तर मला खणून बघता येईल." मी एमबी मागवली. एमबी म्हणजे मेजरमेंट बुक, मोजमापाची वही. झालेलं काम त्यात लांबी, रुंदी, खोलीने उतरवतात आणि त्यावरून बिल बनतं. नगरसेवक अंदाजपत्रक मागतात, उद्घाटनाची पाटी मागतात, एमबी कोणी मागत नाही. त्यात खोली दीड मीटरची दाखवलेली. मी तीन जागा लिहून दिल्या: गल्लीचं तोंड, मधला हातपंप, शेवटचा मॅनहोल. मजुरांनी खणलं, उपयंत्र्याने दोरीला गाठी मारून ती खाली सोडली. पहिल्या ठिकाणी बरोबर. मधल्या ठिकाणी पाइप एक मीटरसुद्धा खोल नाही. शेवटी त्याहून उथळ. तिथल्या तिथं पंचनामा केला, पाच रहिवाशांच्या सह्या घेतल्या, ठेकेदाराच्या माणसाचीही घेतली. सगळी लाइन उचलून पुन्हा टाकावी लागली.

पण पाऊस तोंडावर आला होता. गल्ली आणखी बावीस दिवस खणलेली राहिली. पहिल्याच सरीत चिखल घरात शिरला. ज्यांनी पंचनाम्यावर सह्या केल्या त्यांच्यातल्याच एका काकांनी मला भर रस्त्यात ऐकवलं की बाई, पाइप वर असता तर काय आभाळ कोसळलं असतं? पुढच्या निवडणुकीत त्या गल्लीने मला कमी मतं दिली. ती लाइन अजून तुंबलेली नाही.

त्या उपयंत्र्याकडून मी शिकले की आतल्या चांगल्या माणसाला बाहेरून एक कागद हवा असतो. तो कागद बरोबर भाषेत, बरोबर टेबलावर पोचवणं आणि मग त्याच्या मागोमाग चालत राहणं, हे वकिलाइतकं कोणाला जमणार? आणि कागद नुसता निघून भागत नाही. ३० मार्च २०२३ ला, रामनवमीच्या दिवशी, इथल्या बेलेश्वर महादेव मंदिरातल्या बावडीवरचं (पायऱ्यांच्या जुन्या विहिरीवरचं) छत कोसळलं आणि ३६ माणसं गेली. तिथल्या बेकायदा बांधकामाबद्दल नोटीस आधीच निघालेली होती. नोटीस कागदावर होती, आणि माणसं त्या छतावर हवनाला बसली होती. मी तेव्हा कुठल्या पदावर नव्हते. पण नोटीस ते कारवाई या वाटेवर कागद कुठे कुठे थांबतो हे आयुष्यभर बघितलेल्या मला त्या रात्री झोप लागली नाही. अशी जागा तुझ्या वॉर्डात दिसली तर नोटीस क्रमांक, तारीख आणि मुदत वहीत लिहून ठेव आणि मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी झोन कार्यालयात जा.

आता किंमत.

माझ्याकडे एका आजींचा दावा होता. विधवा, अडुसष्ट वर्षांच्या. घरातली पुढची खोली भाडेकरूकडे. नातवाचं लग्न ठरत होतं, खोली स्वतःच्या कुटुंबाच्या राहण्यासाठी हवी होती. भाडेनियंत्रण कायद्यात त्यासाठी मार्ग आहे आणि दावा बळकट होता. पुराव्याची तारीख लागली आणि त्याच दिवशी परिषदेत अंदाजपत्रकाची बैठक आली. मी ज्युनियरला सांगून ठेवलं की उभा राहा, पुढची तारीख घे. तो दुसऱ्या कोर्टात अडकला. मी सभागृहात पाणीपट्टीवर बोलत होते.

संध्याकाळी ऑर्डरशीट पाहिली. रीडरच्या, म्हणजे न्यायाधीशांच्या कारकुनाच्या, अक्षरात होतं: "पुकार लगवाने पर वादी की ओर से कोई उपस्थित नहीं। प्रकरण अदम पैरवी में खारिज।" म्हणजे वादीतर्फे कोणी हजर नाही म्हणून दावा फेटाळला.

आजी कोर्टातच होत्या. सकाळी साडेदहापासून वऱ्हांड्यातल्या बाकावर बसून होत्या, पिशवीत भाड्याच्या पावत्या होत्या. पुकारा झाला तेव्हा त्या पाण्याच्या माठापाशी गेल्या होत्या, किंवा शिपायाने घाईत पुकारलेलं त्यांना कळलं नाही. पाच वाजेपर्यंत त्या तिथंच बसल्या. रात्री आठला माझ्या घरी आल्या आणि म्हणाल्या, "बाई, आज आपलं नावच नाही हो पुकारलं." मी त्यांना काय झालं ते सांगितलं. त्यांनी पावत्यांची पिशवी मांडीवर घट्ट धरली आणि एवढंच विचारलं, "म्हणजे आता परत पहिल्यापासून?"

ऑर्डर ९, नियम ९ खाली दावा पुन्हा घ्यावा म्हणून अर्ज करता येतो, तीस दिवसांच्या आत, सबळ कारण दाखवून. मी तिसऱ्या दिवशी केला. प्रतिज्ञापत्र आजींचं न लावता माझं स्वतःचं लावलं आणि त्यात लिहिलं की चूक वकिलाची आहे, पक्षकार हजर होती. विरुद्ध बाजूने जोरदार विरोध केला, तो त्यांचा हक्क होता. पाच महिन्यांनी दावा पुन्हा फाइलवर आला, खर्चाची रक्कम मी भरली, आजींची सगळी फी परत केली. शेवटी निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि खोली मिळाली. तोवर नातू लग्न करून भाड्याच्या घरात राहायला गेला होता. खोलीत आजींनी देव मांडले.

त्या दिवशी मी सभागृहात जे बोलले ते वॉर्डाच्या भल्याचं होतं. तरी त्याची किंमत मी मोजली नाही, त्या बाकावर बसलेल्या बाईने मोजली. दोन्ही एकदम जमतं का, याचं उत्तर तुला तिला समोर ठेवून द्यायचं आहे.

त्यानंतर मी घडी बदलली. नवे दिवाणी दावे घेणं बंद केलं, कारण त्यांना तारखेला माणूस लागतो. हातातल्या प्रत्येक वकीलपत्रावर दुसऱ्या एका अनुभवी वकिलाची सही घेतली, त्याच्याशी फी अर्धी वाटून. ज्युनियरच्या भरवशावर पुराव्याची तारीख पुन्हा कधी टाकली नाही. उत्पन्न निम्म्याहून खाली आलं. घरी दोन वह्या ठेवल्या, एक वॉर्डाची, एक पक्षकारांची. सकाळी येणारा वॉर्डाचा, संध्याकाळी येणारा पक्षकार. सकाळच्या वहीतल्या माणसाला वकील लागला तर मी तिघांची नावं सांगे, त्यात माझं नसे. पालिका ज्यात पक्ष आहे असं कुठलंच वकीलपत्र, कोणाच्याही बाजूने, पाच वर्षांत घेतलं नाही. वर्गातल्या एका जुन्या मित्राला त्याचा फार राग आला, आमचं येणंजाणं काही वर्षं बंद होतं. दाखल्यावरच्या सहीची फी घेतात अशी कुजबुज एकदा उठली की ती धुवायला साऱ्या हयातीची वकिली पुरत नाही, म्हणून सकाळी घरी कोणी मिठाईचा पुडा आणला तरी तो परत जाई.

या शहराला वकील आणि सार्वजनिक काम हा मेळ नवा नाही. होमी दाजी कामगारांचे वकील होते, गिरणीच्या दारातून १९६२ मध्ये लोकसभेत गेले. सुमित्राताई महाजन लग्न होऊन चिपळूणहून इथं आल्या, एलएलबी झाल्या, १९८० च्या दशकात नगरसेविका आणि उपमहापौर, १९८९ पासून आठ वेळा खासदार, आणि २०१४ ते २०१९ लोकसभेच्या अध्यक्ष. ज्यांच्या नावाच्या बसस्थानकावरून तू रोज जातोस ते सरवटे संविधान सभेत बसले होते. त्यांचं राजकारण तुला पटो न पटो, वॉर्डापासून किंवा गिरणीच्या दारापासून वर गेलेल्या माणसांचं काम जवळून वाच.

दुसऱ्यांदा मी हरले तेव्हा घरी सगळे हळहळले. मला आठवडाभर वाईट वाटलं. नंतर बाररूममधल्या माझ्या जुन्या खुर्चीवर जाऊन बसले. पक्षकार परत यायला दोनेक वर्षं लागली, कारण "बाई मीटिंगमध्ये असतात" हे लोकांच्या मनातून लवकर जात नाही. तुला तरी निवडणुकीनंतर परतायची ही वाट उघडी हवी. ज्याला हरल्यावर परत जायला आपलं काम नाही, तो पदाला चिकटतो आणि मग नको त्या सह्या करतो. म्हणूनच दहा वर्षं वकिली पक्की कर म्हणते.

वडिलांना सांग, पुण्याला जाऊन तू चांगला वकील होशीलच. पण तिथं कोणाची भिंत कोणाच्या मावशीच्या घरापासून तिसरी, हे कळायला तुझी पंधरा वर्षं जातील. इथं ते तुला आजच माहीत आहे.

सनद मिळाली की पहिल्याच आठवड्यात दिवाणी न्यायाधीशांच्या रीडरला भेट आणि कमिशनरचं काम करायची तयारी असल्याचं सांग. जाताना तीस मीटरची टेप स्वतःची घे, पोलादी. मागून आणलेल्या कापडी टेपेचं सुरुवातीचं टोक बहुधा फाटून शिवलेलं असतं. माझ्याही त्या टेपेचं होतं, आणि तडजोड व्हायच्या आधीच्या तारखेला थोरल्याच्या वकिलांनी मला साक्षीच्या पिंजऱ्यात उभं करून पहिला प्रश्न तोच विचारला होता.